दुसऱ्या ओळीतला थांबा

सोलमे,
४ सप्टेंबर

ती. ताईंना,
स. न. वि. वि.

तुम्हाला मुलीकडे, बोमीकडे, अन्सानला जाऊन तीन आठवडे झाले. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर मी एका ओळीपलीकडे लिहीत नाही, अशी तुमची तक्रार. म्हणून गावच्या शाळेत शिकवलं तसं समास सोडून कागदावर लिहितो आहे. अक्षर लावून घ्या.

घरी सर्व ठीक. तुमची भावजय मिहे हिची पाठ आता दुखत नाही. झाडांवर गामची फळं यंदा भरपूर आहेत, अजून हिरवी आहेत. ऑक्टोबरअखेर केशरी झाली की सोलून वाळवायला दोऱ्यांना टांगायची तेव्हा हाताला उसंत मिळणार नाही.

ठीक नाही ते चर्चमधलं. तुम्ही गेल्यापासून पियानोचं झाकण कोणी उघडलेलं नाही. पाळकसाहेबांनी शहरातून गीतांची साथ करणारं एक यंत्र उसनं आणलं. गीताचा नंबर दाबला की ते वाजू लागतं, आणि पियानोबरोबर ढोल, व्हायोलिनं, मागे गाणारे पंचवीस लोकही त्यातून निघतात. हाडोंगवाल्या आजींनी पहिल्याच कडव्याला पुस्तक मिटलं. उपासना संपल्यावर दारात बूट चढवता चढवता त्यांनी पाळकसाहेबांना विचारलं, की पुढच्या रविवारी बिअरपण मिळणार का, कारण असलं संगीत पैसे देऊन गायच्या खोल्यांत लागतं असं त्यांनी ऐकलं आहे. एक्क्याण्णव वर्षांच्या बाईला कोण काय बोलणार. गाणाऱ्या बाकीच्या दहा आजींनी माना डोलावल्या आणि पुढचे दोन रविवार अकराही जणी तोंड मिटून बसल्या.

पाळकसाहेब म्हणाले, कापणीच्या रविवारपर्यंत, म्हणजे सतरा नोव्हेंबरपर्यंत, दुसरी सोय झाली तर बरं, नाहीतर हेच यंत्र विकत घ्यावं लागेल. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तुमचा भाऊ, तेव्हा वाजवणं रक्तात असणार असा त्यांचा समज.

माझं तुम्हाला ठाऊक आहे. लोकांसमोर माझी बोटं लाकडाची होतात. घरीसुद्धा उजवा हात चालू लागला की डावा नुसता बघत राहतो. म्हणून मनाशी ठरवलं, की तुम्ही ठेवून गेलेल्या डिजिटल कीबोर्डवर घरीच वाजवायचं, चुकलं तर पुन्हा वाजवायचं, आणि एकदा बरं उतरलं की ते रेकॉर्ड करून रविवारी लावायचं. ऐकायला किती सोपं वाटतं.

पहिल्या दिवशी मोबाइल कीबोर्डवरच ठेवला. ऐकून पाहिलं तर गीत लांब कुठेतरी आणि पट्ट्यांची टकटक अगदी कानाशी, जणू कोणी कोबी चिरत आहे. दुसऱ्या दिवशी मोबाइल कपाटावर ठेवला. तिसऱ्या कडव्यापर्यंत एकही चूक नाही, आणि तेवढ्यात भाताच्या कुकरमधली बाई गोड आवाजात म्हणाली, की भात तयार आहे, कृपया हलवून घ्या. तिसऱ्या दिवशी कुकर बंद ठेवून बसलो, तर गावप्रमुखांनी खांबावरच्या कर्ण्यातून फवारणीच्या तारखा सांगितल्या, दोनदा. मिहे म्हणते, आहे तसंच लावा, गावात काय चाललंय ते देवालाही कळू दे.

मी रोज प्रार्थना करून वाजवायला बसतो, आणि दहा मिनिटांत मनात असे शब्द येतात की पुन्हा प्रार्थना करावी लागते. बोमीच्या मोबाइलवर तुकडा पाठवला आहे. ऐकून कळवा.

माया आहेच, ती अंतराने पातळ होऊ देऊ नका.

तुमचा धाकटा,
सांगदॉक


अन्सान,
११ सप्टेंबर

चि. सांगदॉक यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर तिसरीत होतं तसंच आहे, पुढे सरकलेलं नाही.

ऐकून कळवा असं लिहितोस, तेव्हा तुला काही वाटलं नाही का रे? बोमीने आवाज पूर्ण मोठा करून मोबाइल माझ्या हातात दिला. तळहाताला थरथर लागली, एवढंच. कानातलं यंत्र लावलं तर पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज आला. चौतीस वर्षं वाजवलं त्या बाईला तू गारा पाठवल्यास. पुन्हा पाठवू नकोस. जे सांगायचं ते लिहून सांग. वाचता मला अजून येतं.

बोमीने ऑफिसात विचारून आणलं, ते असं. घरातल्या हवेतून आवाज पकडायला जाऊच नये, कुकर काय आणि कुत्रा काय, सगळेच त्यात येणार. कीबोर्डपासून संगणकापर्यंत तार जोडावी. तार कसली ते तिला नीट सांगता आलं नाही, दुकानात विचार.

आणि खरं सांगू? यंत्र घ्या आणि मोकळे व्हा. मी आता तिथे नाही. म्हाताऱ्या दोन महिने फुगून बसतील, मग गातील. हाडोंगवाल्यांचं तर काही सांगूच नकोस, मी पहिल्यांदा वाजवलं तेव्हा त्या महिनाभर माझ्यावरही फुगल्या होत्या.

इथे चौदाव्या मजल्यावर राहते. नात माझ्या तोंडासमोर येऊन ओरडते, तिला वाटतं आजी लांब आहे. तेवढी एकच मजा आहे.

मिहेला जप. रागावलेली असले तरी मी तुझीच.

ओक्सुन


सोलमे,
२९ सप्टेंबर

ती. ताईंना,
स. न. वि. वि.

चुकलं. पुन्हा पाठवणार नाही.

तारेची हकिगत ऐका. दुकानात गेलो, कीबोर्डच्या मागच्या चौकोनी भोकाचा फोटो दाखवला. दुकानदाराने प्रिंटरची तार दिली. मला वाटलं थट्टा करतो आहे, पण ती बसली. संगणकाने कीबोर्ड ओळखला. मी अख्खं गीत वाजवलं, पडद्यावर रंगीत ठिपके धावले, आणि परत लावलं तर मुळीच आवाज नाही. दोन दिवस मी हेच करत होतो. तिसऱ्या दिवशी माहितीचं पुस्तक भिंग लावून वाचलं. त्या तारेतून आवाज जातच नाही. कोणती पट्टी किती जोरात दाबली एवढीच बातमी जाते, आवाज संगणकाने आपल्या पदरचा काढायचा. तसा काढायला लावला तर मी पट्टी दाबायचो आणि सूर थोडा वेळ विचार करून मग यायचा. असं वाजवणं म्हणजे बर्फावर चालणं. पुढचं पाऊल कुठे पडेल याचा नेम नाही.

मग शहरात जाऊन आवाज संगणकात घेणारी एक डबी आणली. कीबोर्डला हेडफोन लावायचं भोक आहे, तिथून तार डबीत, डबीतून संगणकात. आता आवाज खरा तुमच्या कीबोर्डचा. पण त्या भोकात तार घातली की कीबोर्ड बाहेर मुका होतो, आणि ऐकायला मला डबीला हेडफोन लावावे लागतात. मिहे मागे उभी राहून बघत होती. तिला फक्त टकटक ऐकू येत होती आणि माझे ओठ हलताना दिसत होते. म्हणाली, आजवर तुम्ही शेतात एकटेच बोलायचात, आता घरात मुक्यानं वाजवताही, माझं नशीब थोर.

पहिल्यांदा आवाज इतका मोठा घेतला की जोराच्या सुरांवर चरचर आली. कमी केला. मग दोन्ही हात जमेनात. शेवटी वाट सापडली: आधी फक्त उजवा हात रेकॉर्ड करायचा, मग ते ऐकत ऐकत वरून डावा. ताल चुकू नये म्हणून संगणकाचा टकटका कानात लावायचा. असं केलं तर मीसुद्धा वाजवणारा वाटतो. हे तुम्हाला पटणार नाही, ठाऊक आहे.

कापणीच्या रविवारचं गीत सोळाव्या खेपेला पूर्ण झालं. एकही चूक नाही, मागे कुकर नाही, कर्णा नाही. ते ऐकताना मला प्रथमच वाटलं, की ही नुसती माझी हट्टाची गोष्ट नाही, यात वरच्याचीही इच्छा असावी. तेरा ऑक्टोबरला ते आधीच एकदा लावून पाहू, असं पाळकसाहेब म्हणाले आहेत.

वाजवता येत नसलं तरी तुमचाच भाऊ, हे ध्यानात असू द्यावं.

सांगदॉक


सोलमे,
१४ ऑक्टोबर

ती. ताईंना,
स. न. वि. वि.

काल लावलं. पहिली ओळ छान गेली. आजींनी एकमेकींकडे पाहिलं, चेहरे उजळले. तुमच्या कीबोर्डचा आवाज त्यांना पियानोसारखा वाटला असावा. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर अकराही जणी एकदम थांबल्या. माझं रेकॉर्डिंग पुढे गेलं. त्या मागून धावल्या, पोचल्या नाहीत, एकेक गळून गेली. तिसऱ्या ओळीपासून चर्चमध्ये फक्त कीबोर्ड वाजत होता, आणि मी शेजारी उभा. चार कडवी. ताई, चार कडवी किती लांब असतात हे मला काल कळलं.

हाडोंगवाल्या आजी म्हणाल्या, यंत्रापेक्षा हे बरं, पण याला माणसांची वाट बघता येत नाही. कुर्येवाल्या आजी म्हणाल्या, सांगदॉक लहानपणी चर्चमधून घरीही असाच सगळ्यांच्या पुढे पळत जायचा.

वेग जास्त झाला असं समजून घरी येऊन गती कमी केली. आज सकाळी कुर्येवाल्या आजींना घरी बोलावून ऐकवलं. सावकाश गायल्या, आणि त्याच जागी थांबल्या. मी वैतागून विचारलं, की इथे का थांबता. त्या म्हणाल्या, मी कुठे थांबले?

आता मला वाटतं तुमचंच बरोबर होतं, यंत्र घ्यावं. कीबोर्डवर कापड टाकून ठेवलं आहे. उद्यापासून गाम उतरवायचे आहेत, ते काम मला येतं.

आपला वैतागलेला,
सांगदॉक


अन्सान,
२० ऑक्टोबर

चि. सांगदॉक यास,
अनेक आशीर्वाद.

कापड काढ.

टकटका लावून वाजवतोस आणि वर म्हाताऱ्या मागे पडल्या म्हणतोस. घड्याळाबरोबर कोणी गातं का? मी कधी मोजून वाजवलं नाही. भिंतीकडे तोंड करून बसायचे, पण पियानोवर आरसा होता तो काय केस विंचरायला? त्यात मला हाडोंगवाल्यांचे खांदे दिसायचे. खांदे वर गेले की श्वास घेतला, खाली आले की मी पट्टी दाबायची. गेली पाच वर्षं एक कान गेलेला आणि दुसरा जात होता, तरी कोणाला पत्ता लागला नाही, तो खांद्यांमुळे.

तुझ्या खोलीत खांदे नाहीत, म्हणून तुझं वाजवणं मेलेलं आहे. सगळ्यांना घरी बोलाव, गायला लाव, आणि त्यांच्याकडे बघत वाजव. तारेतून आवाज फक्त कीबोर्डचा जातो असं तूच लिहिलंस. मग त्या कितीही ओरडल्या तरी रेकॉर्डिंगमध्ये यायच्या नाहीत. एवढी साधी गोष्ट मला, बहिऱ्या बाईला, चौदाव्या मजल्यावरून कळते.

दुसऱ्या ओळीत त्या थांबतात त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. वय झालं आहे त्यांचं.

गाम सोलताना बोटं सांभाळ. माझा आशीर्वाद तुला न मागताही पोचतो.

ओक्सुन


सोलमे,
२ नोव्हेंबर

ती. ताईंना,
स. न. वि. वि.

तुम्ही म्हणालात तसं केलं. काल अकरा जणी घरी आल्या. मिहेने खालून तापणारी जमीन ऊबदार करून ठेवली होती, रताळी उकडली होती. डबीला चर्चचा मोठा स्पीकर जोडला म्हणजे त्यांना ऐकू जाईल. सगळ्या आधी एक एक चाकू घेऊन गाम सोलायलाच बसल्या. फुकट गायला आलो नाही, म्हणाल्या. शंभरभर सोलून झाल्यावर हात पुसून गायल्या.

खांद्यांचं तुमचं म्हणणं खरं निघालं. ओळीच्या शेवटी मी थांबलो, त्या माझ्याबरोबर आल्या. त्या जोरात गात होत्या, आणि नंतर ऐकलं तर तारेतून खरंच त्यातलं काही गेलेलं नव्हतं. फक्त सूर, आणि जिथे त्यांनी श्वास घेतला तिथे रिकामी जागा. ते मी तीनदा लावून ऐकलं.

पण दुसरी ओळ तशीच. भरल्या शेताचा धनी तू, असे शब्द आहेत. भरल्या म्हटलं की अकरा जणींचे खांदे एकदम वर, आणि मग शेताचा. मी थांबवून सांगितलं, की इथे श्वास घ्यायची जागा नाही, अर्थ तुटतो, नव्या पुस्तकात सगळं एका ओळीत आहे, हे बघा. हाडोंगवाल्या आजींनी पुस्तकाकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, तुझ्या बहिणीनं शिकवलं तसं गातो, तू शाळेत होतास तेव्हापासून; गीत कुठे श्वास घेतं ते आता तू आम्हाला शिकवणार? मग बाकीच्या दहा जणी बोलू लागल्या आणि रताळी संपली.

ताई, मी पन्नाशीला आलो आणि रडकुंडीला आलो. पुस्तकाप्रमाणे वाजवलं तर त्या गळतात. त्यांच्याप्रमाणे वाजवलं तर चुकीचं वाजवतो, आणि तेही देवाच्या घरात, तेही कायमचं रेकॉर्ड करून. अकरा बायका एकाच जागी चुकतात कशा? तुम्ही खरंच असं शिकवलंत? दोन आठवडे उरले आहेत. स्पष्ट लिहा.

रताळ्यांची सालं अजून उचलतो आहे, तरी तुमचाच,
सांगदॉक


अन्सान,
७ नोव्हेंबर

चि. सांगदॉक यास,
अनेक आशीर्वाद.

स्पष्ट लिहायला सांगितलंस. चार कागद फाडले, हा पाचवा.

मी तसं शिकवलं नाही. जुन्या पुस्तकात ते गीत उजव्या पानाच्या तळाशी सुरू व्हायचं. दुसऱ्या ओळीत, भरल्या या शब्दावर, पान संपायचं. मला हात दोनच. पान उलटायला एक हात सोडावा लागायचा, आणि एका हाताने वाजवलं तर सूर उघडे पडायचे म्हणून मी सरळ थांबायचे. पान उलटायचे आणि पुढे जायचे. पहिल्या वर्षी लाजेने कान लाल व्हायचे. वाटायचं, आता कोणीतरी बोलेल. कोणी बोललं नाही. त्या थांबलेल्या वेळात त्यांनी श्वास घ्यायला सुरुवात केली.

मग नवं पुस्तक आलं, सगळं गीत एका पानावर. पहिल्या रविवारी मी न थांबता गेले, तर त्या थांबल्या. आरशात दिसलं. मी तीन सूर मागे आले आणि त्यांना घेऊन पुढे गेले. तेव्हापासून अठरा वर्षं मी नसलेलं पान उलटते आहे. पाळकसाहेबांना सांगितलं नाही, नवरा गेला तोवर त्यालाही नाही. एवढी वर्षं माझी अडचण अकरा बायका श्वास म्हणून घेत आहेत.

गेल्या पत्रात वय झालं म्हणून मी त्यांच्यावर ढकललं, तेही लाजेनेच. त्यांचं वय झालं नाही, माझं झालं.

तू ते पुसून टाक. पुस्तकाप्रमाणे वाजव आणि त्यांना तसं शिकव, नाही जमलं तर यंत्र घ्या. माझ्यामागे तरी ते गीत सरळ होऊ दे. आणि हाडोंगवाल्यांना यातलं काही सांगू नकोस.

लोभ ठेवायचा की नाही, ते आता तू ठरव.

ओक्सुन


सोलमे,
१८ नोव्हेंबर

ती. ताईंना,
स. न. वि. वि.

तुमचं ऐकलं नाही, हे आधीच सांगतो.

पत्र वाचून मी चर्चमध्ये गेलो आणि पाठीमागच्या कपाटातून तुमचं जुनं पुस्तक काढलं. कापणीच्या गीताच्या पानाचा खालचा कोपरा झिजून गोल झाला आहे, तिथे तुमच्या बोटाचा डाग आहे. मी ते पान उलटून पाहिलं. पुस्तकात तो थांबा छापलेला नाही हे खरं. पण तो अकरा जणींच्या छातीत आहे, आणि त्या छात्या ज्याने दिल्या त्याची कापणीच्या श्वासाबद्दल काही तक्रार असेल असं मला वाटेना.

मग पुन्हा मूर्खपणा केला. माझ्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये त्या जागी संगणकाने एक सेकंद शांतता घातली. कुर्येवाल्या आजींना ऐकवली. उशिरा शिरल्या. दीड सेकंद केली, आधीच शिरल्या. तीन दिवस सेकंद कापत आणि चिकटवत होतो. चौथ्या दिवशी लक्षात आलं. मी एका वेळी एकच हात वाजवत होतो. माझा एक हात कायम मोकळा, मला पान उलटायला थांबण्याची गरजच नव्हती. दोन्ही हात गुंतल्याशिवाय ती जागा खरी येणार नाही.

म्हणून बाकी सगळं सोडून त्या एका गीतासाठी दोन्ही हात एकत्र बसवले. रोज पहाटे, गाम सोलायच्या आधी. बोटं फळांच्या चिकाने काळी, पट्ट्याही काळ्या झाल्या आहेत, पुसल्या तरी जात नाहीत, माफ करा. मिहे म्हणाली, देवाने आधी तुमचा डावा हात केला असता तर बरं झालं असतं, मग तरी तो मागे राहिला नसता. शनिवारी अकरा जणी पुन्हा आल्या. जुनं पुस्तक समोर उघडं, टकटका बंद. सव्विसाव्या खेपेला पूर्ण आलं. भरल्या म्हटलं, हात उचलला, पान उलटलं, शेताचा म्हटलं.

काल वेदीसमोर तांदळाची पोती, कोबी, आपले गाम मांडले होते. पाळकसाहेबांनी बटण दाबलं. मी मागे शेवटच्या बाकावर बसलो, डोळे मिटून. दुसऱ्या ओळीत अकरा श्वास एकदम ऐकू आले, आणि मग सगळ्या एकत्र पुढे गेल्या. चारही कडवी. पाळकसाहेबांनी यंत्र परत करायचं ठरवलं आहे. बाकीची गीतं हळूहळू करू म्हणाले, त्यांना वाटतं ते सोपं आहे.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं. उपासना संपल्यावर हाडोंगवाल्या आजी पियानोपाशी गेल्या, मागे वाकून पाहिलं, पडद्याआड पाहिलं. मग माझ्याकडे येऊन रागाने म्हणाल्या, ओक्सुन आली आहे आणि मला न भेटता कुठे बसली आहे? मी सांगितलं, की मी वाजवलं. त्यांनी माझी कीव केल्यासारखं पाहिलं.

रेकॉर्डिंग पाठवत नाही. पण संगणकावर आवाजाचं चित्र दिसतं, सूर तिथे टेकड्या आणि शांतता तिथे सपाट रेघ. दुसऱ्या ओळीचं चित्र छापून सोबत घातलं आहे. वाळलेल्या गामचं खोकं मागाहून पाठवतो, पूर्ण वाळायला अजून महिना आहे.

लोभ माझ्या ठरवण्यावर कधीच नव्हता.

तुमचा,
सांगदॉक


अन्सान,
२३ नोव्हेंबर

चि. सांगदॉक यास,
अनेक आशीर्वाद.

चित्र मिळालं. खिडकीशी नेऊन पाहिलं. टेकड्यांवर बोट फिरवत गेले. पहिल्या ओळीच्या शेवटची सपाट जागा लहान आहे, म्हणजे कुर्येवाल्यांनी नेहमीप्रमाणे घाई केली. मग भरल्या. मग ती रेघ. तिच्यावर अंगठा ठेवून बसले होते. नात येऊन ओरडली, तरी उठले नाही.

रेघ जरा लांब आहे. पान उलटायला तुला माझ्यापेक्षा जास्त वेळ लागतो. आधी बोट ओलं करत जा.

हाडोंगवाल्यांना सांग, मी नाताळला येते. पडद्याआड बसणार नाही, त्यांच्या शेजारी बसेन, खांद्याला खांदा लावून. कधी गायचं ते मला तिथून कळेल.

ओक्सुन